चालवून घेतलेली गोष्ट

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



साठीनंतरच्या तब्येतीवर बोल म्हणून मला दहा मिनिटं दिली आहेत. ती सगळी मी एकाच गोष्टीवर घालवणार आहे. आपण ती आपापसांतही बोलत नाही. आज सभागृहात एकही पुरुष नाही, तेव्हा ही संधी सोडवत नाही.

गेली तीसेक वर्षं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. गुडघा दाखवायला आलेल्या बाईलाही मी एक प्रश्न विचारतेच: खोकताना, शिंकताना लघवी थोडी सुटते का? उत्तर पुष्कळदा ठरलेलं. "ते होय! ते चालायचंच." कधीपासून? "धाकट्याच्या वेळेपासून." धाकट्याचं लग्न झालेलं असतं!

दुखलं तर आपण निदान कुरकुरतो. हे दुखत नाही, म्हणून नुसते बेत बदलत जातात. एसटीचा लांबचा प्रवास नको. लग्नात फिकी साडी नको. नातवाला उचलायला नको. गावाला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. एक बाई म्हणाल्या, "मी जोरात हसणं सोडलंय." तक्रार नव्हती हो ती, सवय सांगत होत्या.

आणि ही सवय आपल्याला लवकर लागली. आपल्या वेळी शाळेची मुतारी कशी होती ते इथे कुणाला सांगायला नको. घरी जाईपर्यंत दम धरायचा, हे आपण पाचवीतच शिकलो. बाईंची सोय तरी कुठे वेगळी होती?

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. बाळंतपणं, पाळी जाणं, वाढलेलं वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठात कुंथणं, यांनी ती सैल पडते. पण स्नायूच तो, व्यायामाने बळकट होतो. अमेरिकेतल्या आर्नोल्ड केगल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी हे 1948 मध्येच मांडलं, म्हणजे आपल्या जन्माच्याही आधी. वायू अडवताना जसं आत ओढून घेतो तसं ओढायचं, धरायचं, सोडायचं. एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने.

ऐकायला सोपं आहे. करताना मात्र कितीतरी जणी श्वास कोंडतात, नाहीतर आत ओढण्याऐवजी खाली जोर देतात, म्हणजे नेमकं उलट. म्हणून सुरुवातीला जाणकाराने तपासून शिकवावं लागतं. शिवाय प्रत्येकीचा त्रास एक नसतो. कुणाला एकदम घाई होते आणि संडासापर्यंत पोचवत नाही. तिथे दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं शिकवतात, कधी औषध देतात. कुणाचं अंग बाहेर येतं. त्याला आत बसवायची रिंग असते, कधी शस्त्रक्रिया करतात. जळजळ होत असेल, लघवीतून रक्त जात असेल, तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून आधी डॉक्टर. सगळ्यांचं पूर्ण थांबतं असं मी म्हणणार नाही. पुष्कळजणींचं खूप कमी होतं, हे मात्र रोज बघते.

आणि पाणी तोडू नका. त्याने लघवी दाट होते, मूत्राशय आणखी चिडतं, वर बद्धकोष्ठ.

खरी अडचण पहिल्या वाक्याची. समोर पुरुष डॉक्टर, शेजारी सून, आणि शब्द घशातच राहतो. मग बोलू नका, लिहून न्या. तीन दिवस वहीत मांडा: किती वाजता गेले, कधी सुटली, तेव्हा काय करत होते, पाणी-चहा किती घेतला. ती वही टेबलावर ठेवा. डॉक्टरांनी विचारायचे निम्मे प्रश्न त्यातच आलेले असतात. तरीही "वय झालं, चालायचंच" हेच ऐकवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. वयाचं कारण मला तरी पटत नाही. चष्मा लावताना आपण कुठे वय बघितलं?

जेवणानंतर तासभर मी चित्रकलेच्या वर्गात बसणार आहे. गुडघ्याचं निमित्त करून आलात तरी चालेल. दाराला आतून कडी आहे, मघाशीच बघून आलेय.