वजनाच्या ऑपरेशनसाठी कर्ज?
(राळेगणसिद्धी येथील मासिक बैठकीतलं भाषण)



वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी गटातून कर्ज मिळेल का, असं मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं. काही जणी हसल्या. यात हसण्यासारखं काय आहे? नितीन गडकरींनीसुद्धा २०११ साली मुंबईत असं ऑपरेशन करून घेतलं होतं.

हे काही नटण्यामुरडण्याचं काम नाही. साखर, बीपी, गुडघेदुखी यांनी माणूस बेजार होतो, तेव्हा ते करतात. आपल्याकडचा नेहमीचा निकष सांगते. बाईची उंची पाच फूट असेल आणि साखर किंवा बीपी असेल, तर साधारण ७५ किलोच्या पुढे डॉक्टर विचार करतात. आजार नसेल तर ८७ किलोच्या पुढे. सासू-जावेच्या टोमण्यांवरून तर मुळीच ठरवू नका.

स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा पाऊण हिस्सा कापून काढतात. तो परत बसवता येत नाही. मग दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, चावून खायचं, त्यात डाळी, अंडी जास्त. सुगीत आपल्याला एकदा डबा उघडायला सवड नसते, हे घरच्यांशी आधी बोला! जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायचं.

विमा असेल तर अटी वाचून घ्या. त्यांचा वजनाचा निकष जास्त कडक असतो.

ताईंना कर्ज द्यावं, असं माझं मत आहे. पण आधी दोन डॉक्टरांचा सल्ला घेऊ द्या. आणि हप्ता ठरवताना गोळ्या, रक्ततपासण्या आणि नगर-पुण्याच्या फेऱ्यांचा खर्चही धरा.