गॅस गिझर बदलताय? जागाही बदला!

आज बोलूया जुन्या गॅस गिझरबद्दल. बीडला आमच्या घरी आधी तांब्याचा बंब होता, मग लोडशेडिंगला कंटाळून गॅसवरचा गिझर आला. दहा वर्षांनी त्याची निळी ज्योत पिवळी दिसायला लागली. आई म्हणाली, "पाणी तापतंय ना? मग कशाला बदलायचा?"

कारण पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाहीये. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलेंडर गळला तर वास येतो, कारण तो वास गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोकं गरगरतं, हातपाय गळतात, दाराची कडी काढायचंही बळ उरत नाही.

म्हणून आम्ही आयएसआय मार्कचा नवा गिझर घेतला आणि तो बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत लावला. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. रबरी नळीही नवी घेतली. ती तशीही ५ वर्षांनी बदलायचीच असते. पाइप आणि मजुरीचा खर्च वाढला, पण तो वाचवू नका.

पुण्यात रूम करून राहणाऱ्यांनो, घरमालकाला हेच सांगा. तोपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, आत हवा खेळू द्या, मगच आंघोळ. आणि थंडी वाजते म्हणून बाथरूमच्या खिडकीला पुठ्ठा लावला असेल, तर तो आजच काढा.