काच स्वच्छ कीं रंगीत?

गवई तंबोरा जुळवूं लागला, कीं घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक धागा हळूहळू सरकवतो. धागा नेमक्या जागीं बसला म्हणजे तीच तार झंकारूं लागते. जवारी लागली, असें म्हणतात. हा रंग गवयानें स्वतःच्या कानानें पारखून घेतलेला असतो. परंतु तो झंकार ध्वनिमुद्रणासाठीं यंत्रांत शिरला म्हणजे यंत्रही आपला रंग त्यांत मिसळूं शकतें. तो इष्ट कीं अनिष्ट, हा ध्वनिमुद्रकांमधला जुना वाद आहे.

आज हा वाद कन्व्हर्टर नांवाच्या यंत्राभोंवतीं चालतो. मायक्रोफोनकडून येणारी विद्युल्लहर हें यंत्र ठराविक कालांतरानें मोजतें आणि प्रत्येक माप अंकांत लिहितें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर डाव्या व उजव्या बाजूसाठीं दर सेकंदास प्रत्येकीं ४४,१०० मापें असतात, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एकीवर बसविलेलें असतें. मापनाचें घड्याळ डळमळलें, किंवा मंडळानें मूळ लहरींत नसलेले उपस्वर उत्पन्न केले, कीं अंकांत यंत्राचा रंगही उतरतो.

कित्येक कलावंतांना हा रंग प्रिय असतो. व्हॉल्व्ह आणि ट्रान्स्फॉर्मर यांतून जातांना मूळ स्वरांत दुप्पट-तिप्पट कंपनांचे मंद उपस्वर मिसळतात आणि आवाज भरीव, मृदु वाटतो. ही आवड खोटी नव्हे. प्रश्न एवढाच, कीं हा रंग कोणत्या टप्प्यावर चढवावा?

याचें उत्तर एन्रिको कारुसो या इटालियन गायकाच्या ध्वनिमुद्रिकांत सांपडतें. १९०२ सालीं मिलान येथें तो कर्ण्यासमोर गायला. विजेचें ध्वनिमुद्रण १९२५ पर्यंत रूढ झालें नव्हतें. कर्णा कांहीं स्वर फुगवी, कांहीं दडपी. पुढें अमेरिकन अभियंता टॉमस स्टॉकहॅम यांनीं अर्वाचीन मुद्रणाशीं तुलना करून, गणकयंत्राच्या साहाय्यानें कर्ण्याचा तो घुमारा कमी केला, आणि १९७६ सालीं ती ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. आवाज पुष्कळ मोकळा झाला. परंतु कर्ण्यानें जे उंच उपस्वर टिपलेच नव्हते, ते परत आले नाहींत.

म्हणून ज्या दारांतून स्वर अंकांत प्रवेश करतो, तें दार स्वच्छ काचेचें असावें. रंग मागाहून, मूळ प्रत जपून चढवितां येतो आणि न रुचल्यास टाकून देतां येतो. प्रथमच मुरलेला रंग मात्र बहुधा कायमचा असतो. अगदीं निर्दोष काच कोठेंच नाहीं. तथापि चांगल्या कन्व्हर्टरचा दोष आज इतका अल्प असतो, कीं खोलीचा घुमारा आणि मायक्रोफोनची जागा यांनीं पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा ठरतो. जाणत्या ध्वनिमुद्रकानें प्रथम तिकडे लक्ष द्यावें.

जवारी लावण्याचा अधिकार गवयाचा आहे. यंत्रानें ती लागलेली जवारी जशीच्या तशी पुढच्या पिढीच्या कानीं पोंचवावी, यांतच त्याचें सार्थक आहे.