संगणक, प्रोजेक्टर आणि मधली केबल

आजच्या भाषणाचा विषय करंगळीहूनहि बारीक आहे. संगणकाला प्रोजेक्टर जोडणारी जी केबल, तिच्याविषयीं मी चार शब्द सांगणार आहें. एवढ्याशा वस्तूकरितां नभोवाणीचा वेळ कां दवडावा, असें कोणास वाटेल. परंतु शाळेचें स्नेहसंमेलन, ग्रंथालयांतील व्याख्यान किंवा गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा अशा एखाद्या प्रसंगीं पुढील प्रकार आपण पाहिला असेल. व्याख्याते वेळेवर येतात, श्रोते स्थानापन्न होतात, प्रोजेक्टरचा दिवा लागतो, आणि पडद्यावर निळ्या रंगावांचून कांहींच उमटत नाहीं. मग धांवाधांव सुरू होते. कोणी एक केबल आणतो. ती एका बाजूला बसते, दुसऱ्या बाजूला बसत नाहीं. कोणी दुसरी आणतो. ती दोन्हीकडे बसते, पण चित्र येत नाहीं. पाऊण तासाच्या व्याख्यानांतील वीस मिनिटें अशीं जातात. ज्यानें महिनाभर खपून चित्रें जमविलीं त्याचा हिरमोड होतो, आणि समोर मुलें असलीं तर त्यांचें एकदां उडालेलें लक्ष पुन्हां ठिकाणावर येत नाहीं.

हें नुकसान बहुधा यंत्राच्या दोषानें होत नाहीं. केबल निवडतांना एक मूळ गोष्ट ध्यानांत न घेतल्यानें होतें. ती गोष्ट अशी, कीं केबल ही केवळ वाहक आहे, दुभाषी नव्हे. एका टोकास जें घातलें, तेंच ती दुसऱ्या टोकास पोंचविते. संगणक एक भाषा बोलत असेल आणि प्रोजेक्टरास दुसरीच समजत असेल, तर मधली केबल कितीहि महाग असो, संभाषण व्हावयाचें नाहीं. म्हणून दुकानांत जाऊन “प्रोजेक्टरची केबल द्या” एवढेंच म्हणणें व्यर्थ आहे. प्रथम दोन्ही यंत्रांचीं तोंडें पाहावीं, मग अंतर मोजावें, आणि मग केबल मागावी.

या तोंडांना बाजारांत पोर्ट म्हणतात. नभोवाणीवर आकृति काढतां येत नाहीं, म्हणून त्यांचें वर्णन शब्दांनींच करतों. सर्वांत जुना प्रकार व्ही. जी. ए. हा होय. तो १९८७ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपल्या संगणकांबरोबर आणला. एक बाजू लांब व समोरची आंखूड असा त्याचा आकार. तीन रांगांत पांच-पांच मिळून १५ छिद्रें. दोहों बाजूंस स्क्रू. आणि रंग बहुधा निळा. या केबलच्या टोकांत १४ च पिना दिसल्या, तर ती मोडकी समजूं नये. ९ व्या क्रमांकाची पिन पुष्कळ केबलींत मुळांतच बसविलेली नसते. या वाटेनें लाल, हिरवा व निळा हे तीन रंग विजेच्या कमीअधिक होणाऱ्या दाबाच्या रूपानें निरनिराळे जातात. आवाज मात्र जात नाहीं. त्याला वेगळी तार लागते.

त्यानंतर १९९९ सालीं डी. व्ही. आय. आला. हा रुंद, बहुधा पांढरा, आणि यालाहि स्क्रू असतात. २००२ च्या अखेरीस एच. डी. एम. आय. आला. घरच्या दूरदर्शनसंचामागें असतो तोच हा चपटा पोर्ट. खालचे दोन कोपरे आंत घेतलेले, आंत १९ पिना. यांतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, आणि तेहि आकड्यांच्या रूपानें. २००६ सालचा डिस्प्ले पोर्ट दिसावयास त्याचाच भाऊ, पण याचा एकच कोपरा कापलेला असतो, आणि पिना २०. शेवटीं २०१४ सालचा यू. एस. बी. सी. हा लहानसा लांबट-गोल पोर्ट. आजच्या मोबाइललाहि हाच असतो आणि टोक उलटसुलट कसेंहि बसतें.

आतां दोन्ही यंत्रांना एकाच प्रकारचा पोर्ट असेल, तर प्रश्नच मिटला. त्याच प्रकारची केबल आणावी. पोर्ट निराळे असले म्हणजे मात्र घोडें पेंड खातें. व्ही. जी. ए. दाबाची भाषा बोलतो आणि एच. डी. एम. आय. आकड्यांची. या दोहोंमध्यें नुसती तार चालत नाहीं. भाषांतर करणारी लहानशी डबी, म्हणजे कन्व्हर्टर, लागतोच. या दुभाष्यालाहि एकाच दिशेचें भाषांतर येतें. नव्या संगणकाचें चित्र जुन्या प्रोजेक्टरवर न्यावयाचें असेल तर “एच. डी. एम. आय. ते व्ही. जी. ए.” अशी डबी घ्यावी. जुना संगणक आणि नवा प्रोजेक्टर असेल तर “व्ही. जी. ए. ते एच. डी. एम. आय.” अशी. दोन्ही डब्या दिसतात सारख्या, परंतु एक दुसरीचें काम करीत नाहीं. दुकानांत मागतांना नेहमीं संगणकाचें नांव आधीं आणि प्रोजेक्टरचें मागून घ्यावें, म्हणजे घोटाळा होत नाहीं.

कांहीं जोड्या सोप्या आहेत. डी. व्ही. आय. ची आकड्यांची भाषा एच. डी. एम. आय. ला जशीच्या तशी कळते, म्हणून तेथें साधा जोड पुरतो; आवाजाची सोय तेवढी वेगळी पाहावी. पुष्कळ संगणकांच्या डिस्प्ले पोर्टला एच. डी. एम. आय. ची भाषाहि बोलतां येते, म्हणून त्या दोहोंमधली केबल सहज मिळते. परंतु ती डिस्प्ले पोर्टकडून एच. डी. एम. आय. कडेच चालते, उलट चालत नाहीं.

सर्वांत अधिक फसगत यू. एस. बी. सी. च्या बाबतींत होते, कारण येथें आकार एक आणि गुण अनेक. कांहीं संगणकांचा हा पोर्ट फक्त माहितीची देवघेव करतो, कांहींचा चित्रहि पाठवितो. पोर्टाशेजारीं डिस्प्ले पोर्टचें किंवा विजेच्या बाणाचें थंडरबोल्ट हें चिन्ह असेल तर चित्र मिळण्याची आशा धरावी. चिन्ह नसेल तर संगणकाबरोबरची पुस्तिका पाहावी. केबलचेंहि तसेंच. मोबाइलच्या चार्जरबरोबरची केबल दोन्हीकडे नीट बसते, परंतु चित्रासाठीं लागणाऱ्या जलद तारांच्या जोड्या तींत बहुधा नसतात, आणि मग पडदा कोराच राहतो. चित्र वाहून नेणारी केबल मुद्दाम मागून घ्यावी लागते.

पोर्ट ठरल्यावर प्रश्न येतो अंतराचा. १९२० बाय १०८० या मापाच्या चित्रांत २० लक्ष ७३ हजार ६०० बिंदु असतात, आणि तें चित्र सेकंदाला ६० वेळां पाठवावें लागतें. म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लक्ष बिंदु. प्रत्येक बिंदूला २४ अंकचिन्हें धरलीं तर सुमारें २९८ कोटी चिन्हें एका सेकंदांत या बारीक तारेंतून धांवतात. वाट जितकी लांब तितकीं तीं क्षीण होत जातात. व्ही. जी. ए. मध्यें याचा परिणाम हळूहळू दिसतो. अक्षरांच्या कडा पुसट होतात, सांवली पडते. आकड्यांच्या केबलींत तसें होत नाहीं. चित्र स्वच्छ असतें, नाहीं तर ठिपके चमकूं लागतात, नाहीं तर तें नाहींसेंच होतें. साधी एच. डी. एम. आय. केबल ५ मीटरपर्यंत सुखानें काम देते. १० मीटरच्या सुमारास ती जाड व उत्तम प्रतीची लागते. त्यापुढें प्रकाशतंतूची केबल घेणें श्रेयस्कर. प्रकाशतंतूच्या केबलचीं दोन टोकें सारखीं नसतात. “सोर्स” लिहिलेलें टोक संगणकाकडे आणि “डिस्प्ले” लिहिलेलें प्रोजेक्टरकडे जावें लागतें. भिंतींत नळी घालून ती उलटी बसविली, तर गवंडी पुन्हां बोलवावा लागेल.

अंतर डोळ्यांच्या अंदाजानें ठरवूं नये. टेबलापासून भिंतीपर्यंत, भिंतीवरून छतापर्यंत आणि छतावरून प्रोजेक्टरपर्यंत दोरी धरून मोजावें, आणि मीटरभर अधिक घ्यावें. ताणून लावलेली केबल पोर्ट सैल करते, आणि कोणाचा तरी पाय अडकून सारें यंत्रच खालीं येण्याचा संभव असतो.

आतां किंमतीविषयीं. सोन्याचा मुलामा, जाड वेष्टण आणि भरमसाट दाम पाहून चित्र अधिक सुंदर दिसेल अशी समजूत असते. आकड्यांच्या केबलींत सर्व चिन्हें नीट पोंचलीं कीं काम झालें. नीट पोंचल्याहून अधिक नीट कांहीं पोंचत नाहीं. १९२० बाय १०८० च्या चित्राला “हाय स्पीड” असें लिहिलेली चांगली केबल पुरते. त्याच्या चौपट बिंदूंचें, म्हणजे ३८४० बाय २१६० चें, चित्र सेकंदाला ६० वेळां दाखविणारा प्रोजेक्टर असेल, तर “प्रीमियम हाय स्पीड” घ्यावी. आपला प्रोजेक्टरच मुळीं १२८० बाय ८०० बिंदूंचा असेल, तर त्याला चौपट दामाची केबल जोडणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड. खोक्यावर प्रोजेक्टर स्वीकारतो तें माप मोठ्या अक्षरांत आणि त्याचें स्वतःचें माप लहान अक्षरांत असूं शकतें. आपण लहान अक्षरें वाचावीं.

येथें मला एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. इंटेल, ए. एम. डी. आणि संगणक बनविणाऱ्या कांहीं कंपन्यांनीं २०१० च्या डिसेंबरांत व्ही. जी. ए. ला निरोप देण्याचें जाहीर केलें, आणि आजच्या नव्या लॅपटॉपवर तो क्वचित्‌च दिसतो. त्यामुळें ज्यांना फक्त व्ही. जी. ए. आहे असे प्रोजेक्टर निरुपयोगी मानून अडगळींत टाकले जातात. ज्याचा दिवा शाबूत आहे असा प्रोजेक्टर केवळ केबल जुळत नाहीं म्हणून टाकणें, हा अन्याय आहे. कांहींशे रुपयांच्या कन्व्हर्टरनें तो पुन्हां बोलूं लागतो. नव्या यंत्रासाठीं वर्गणी गोळा करण्यास ज्या शाळांना वर्षें लागतात, तेथें या लहानशा डबीमुळें भूगोलाचा नकाशा आणि हृदयाचें स्पंदन मुलांना भिंतीएवढें मोठें दिसूं शकतें. आपल्या घरीं, कार्यालयांत किंवा संस्थेंत असा प्रोजेक्टर पडून असेल, तर भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वीं त्याच्या पाठीमागचा पोर्ट अवश्य पाहावा.

मात्र चित्रपट दाखविणार असाल तर एक अडचण लक्षांत ठेवावी. विकत किंवा भाड्यानें मिळणाऱ्या चित्रपटांना नक्कल होऊं नये म्हणून गुप्त कुलूप असतें. तें व्ही. जी. ए. च्या वाटेनें उघडत नाहीं. म्हणून व्याख्यानाचीं चित्रें दिसतात आणि चित्रपटाच्या जागीं मात्र काळोख दिसतो. हा कन्व्हर्टरचा दोष नव्हे.

शेवटीं प्रत्यक्ष जोडणी. केबल दोन्हीकडे पुरती बसवावी, व्ही. जी. ए. चे स्क्रू हातानेंच हलके पिळावे. प्रोजेक्टर सुरू करून “सोर्स” या बटणानें, केबल ज्या पोर्टला लावली त्याचेंच नांव निवडावें. विंडोजच्या संगणकावर विंडोजचें चिन्ह असलेली कळ दाबून पी दाबावें आणि “डुप्लिकेट” निवडावें. चित्र येऊन आवाज आला नाहीं, तर आवाज कोणत्या यंत्राकडे जात आहे तें संगणकांत पाहावें, एच. डी. एम. आय. लावल्यावर तो पुष्कळदां प्रोजेक्टरच्या क्षीण कर्ण्याकडे वळतो. आणि हें सारें कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीं, त्याच सभागृहांत, त्याच केबलनें आणि त्याच संगणकानें करून पाहावें. जुळलेली केबल व कन्व्हर्टर एका पिशवींत ठेवून तीवर दोन्ही पोर्टांचीं नांवें लिहावीं, म्हणजे पुढच्या वेळीं जो कोणी कार्यकर्ता येईल त्याला विचारीत बसावें लागणार नाहीं.

दूरवरून आलेल्या व्याख्यात्याचा आणि वेळ काढून बसलेल्या शंभर माणसांचा वेळ ही लहान वस्तु नव्हे. तो वांचविण्यास विद्वत्ता लागत नाहीं; आदल्या दिवशींचीं दहा मिनिटें आणि यंत्राच्या पाठीमागें टाकलेली एक नजर एवढेंच लागतें.