शिट्टी थांबली, मग पगाराचे काय?

(दिल्ली येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात आपण वेतन आयोग, पेन्शन आणि कामगार कायदे यांवर बोलतो. आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. काही जण म्हणतील, हा करमणुकीचा विषय झाला. तसे नाही. मैदानावर धावणारा पोरगा आपल्या दृष्टीने खेळाडू असला, तरी ज्याच्याशी त्याने करार केला त्याच्या दृष्टीने तो पगारी माणूस आहे. त्याला कामाचे तास आहेत, बदली आहे, दुखापत आहे आणि नोकरी जाण्याची भीतीही आहे. कोरोनाच्या साथीत देशाची व्यावसायिक लीग विस्कटली, तेव्हा त्याच्यावर काय गुजरले यातून आपल्याला पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

आधी घटना सांगतो. २०१९-२० च्या आय-लीगमध्ये ११ संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, म्हणजे एकूण ११० सामने. १० मार्च २०२० रोजी मोहन बागानने कल्याणीच्या मैदानावर आयझॉलला १-० असे हरवले आणि चार फेऱ्या बाकी असतानाच विजेतेपद पक्के केले. १४ मार्चला गोव्यात फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रिकाम्या स्टेडियममध्ये उरकण्यात आला. दुसऱ्या दिवशी कोलकात्यात होणारा मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल हा सामना मात्र झालाच नाही. सगळे फुटबॉल थांबले. एप्रिलमध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या लीग समितीने निर्णय घेतला. उरलेले २८ सामने रद्द, मोहन बागान विजेता, खालच्या श्रेणीत कोणाचीही घसरण नाही आणि बक्षिसाची उरलेली रक्कम बाकीच्या दहा क्लबांत सारखी वाटायची. महासंघाची कचेरी इथे द्वारकेतच आहे.

हा निर्णय वाईट होता असे मी म्हणत नाही. त्या दिवसांत याहून शहाणा निर्णय कोणता घेता आला असता, हे सांगणे कठीण आहे. पण त्यात कोणाकोणाचा हिशेब झाला ते पाहा. करंडकाचा झाला, गुणतक्त्याचा झाला, क्लबांचा झाला. ज्याच्या पायांनी ते ८२ सामने खेळले गेले त्याच्या पगाराचे काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या करारावर राहिला.

आणि करारात काय होते? त्याच एप्रिलमध्ये ईस्ट बंगालच्या खेळाडूंना त्या वेळच्या भागीदार कंपनीकडून पत्रे गेली. ‘फोर्स मेज्योर’ म्हणजे माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती, हे कलम लावून करार एप्रिलअखेर संपवण्यात आले. कलम कागदावर आधीपासून असते. सही करताना ते कोणी वाचत नाही, कारण सही करताना माणूस पगाराचा आकडा पाहतो. आपत्ती आल्यावर मालक मात्र तेच पान आधी उघडतो. पुढे काही खेळाडू थकबाकीसाठी दाद मागत फिरले. परदेशी खेळाडूची तक्रार फिफापर्यंत जाऊ शकली. आपल्याकडच्या विशीतल्या पोराला फिफाचा पत्ताही ठाऊक नसतो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोहन बागानचे स्पॅनिश प्रशिक्षक किबू विकुन्या आणि दोन्ही क्लबांचे काही परदेशी खेळाडू कोलकात्याहून बसने दिल्लीला आले आणि इथून विमानाने युरोपला गेले. विजेत्या संघाचा प्रशिक्षक, पण त्यालाही आगगाडी नव्हती. याच दिल्लीतून मार्चअखेर आनंद विहारच्या बसस्थानकावर हजारो मजूर गर्दी करून उभे होते आणि कित्येक पायीच गावाकडे निघाले होते, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. १ मे पासून श्रमिक स्पेशल गाड्या सुटल्या. त्या आपल्याच लोकांनी चालवल्या.

आता थोडे मागे जाऊ. २० मार्च २०२० रोजी, देश बंद होण्याच्या तोंडावर, कोलकात्यात पी. के. बॅनर्जी वारले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते आणि १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होते. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल यांच्याकडून ते कधी खेळले नाहीत. ते खेळले ईस्टर्न रेल्वेकडून. त्याच ईस्टर्न रेल्वेने १९५८ मध्ये बड्या क्लबांना मागे टाकून कलकत्ता लीग जिंकली. रेल्वेच्या संघाने संतोष चषक तीनदा जिंकला आहे. त्या काळी चांगल्या फुटबॉलपटूला रेल्वे, टपाल, बँक, बंदर, पोलीस असे कोणते ना कोणते खाते नोकरी देई. पैसा बेताचा होता. पण गुडघा गेला म्हणून चूल विझत नव्हती. मैदान संपल्यावर टेबल होते, पास होता, दवाखाना होता आणि शेवटी पेन्शन होते.

१९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग आली, २००७ मध्ये तिची आय-लीग झाली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. खेळ सुधारला, मैदाने सुधारली, वरच्या मूठभर खेळाडूंना पूर्वी कोणी ऐकला नसेल असा पैसा मिळाला. ते चांगलेच झाले. पण त्या बदल्यात एक गोष्ट गुपचूप गेली. नोकरीची शाश्वती गेली आणि तिच्या जागी एका हंगामाचा, फार तर दोन-तीन हंगामांचा करार आला. हवा चांगली होती तोवर हा फरक कोणाला जाणवला नाही. शिट्टी थांबली तेव्हा जाणवला. रेल्वेच्या खेळाडूचेही सामने बुडाले. संतोष चषकाची २०१९-२० ची अंतिम फेरी मिझोराममध्ये व्हायची होती, ती रद्द झाली आणि पुढची स्पर्धा थेट २०२२ मध्ये केरळात झाली. पण तो कर्मचारी म्हणून खात्याच्या पटावर होता. करारावरचा खेळाडू कुठल्याच पटावर नव्हता.

दिल्लीचे उदाहरण घ्या. १९४० मध्ये ड्युरँड चषक सिमल्याहून या शहरात आला, पुढे आंबेडकर स्टेडियममध्ये त्याचे अंतिम सामने रंगले. असे हे फुटबॉलचे जुने शहर. पण दिल्ली डायनॅमोज हा इथला संघ २०१९ मध्ये भुवनेश्वरला नेण्यात आला आणि त्याचे नावही बदलले. मग २०२० मध्ये सुदेवा दिल्ली या क्लबाला आय-लीगमध्ये प्रवेश मिळाला. दिल्लीकर खूश झाले. प्रत्यक्षात काय झाले? साथीमुळे २०२०-२१ ची सगळी लीग बंगालमध्ये, कोलकाता आणि कल्याणीत, बायो-बबलमध्ये खेळवली गेली. ९ जानेवारी २०२१ रोजी सुदेवाचा पहिला सामना मोहम्मेडन स्पोर्टिंगशी झाला, तोही कोलकात्यातच. त्या वर्षी ११० ऐवजी ८० सामने झाले.

बायो-बबल म्हणजे काय, हे आपल्या लोको पायलटला समजावून सांगावे लागणार नाही. त्याला रनिंग रूम माहीत आहे. घरी सण असतो आणि आपण परगावी लोखंडी खाटेवर पुढच्या गाडीची वाट पाहत असतो. फक्त रनिंग रूममधून माणूस एक-दोन दिवसांत सुटतो. इथे हंगामभर हॉटेल, बस, मैदान आणि पुन्हा हॉटेल. घरचे आजारी पडले तरी फोनवरच विचारपूस करायची.

पुढच्या वर्षी मुंबईचा केंकरे एफसीही लीगमध्ये आला. २६ डिसेंबर २०२१ रोजी हंगाम सुरू झाला आणि दोन-तीन दिवसांतच बबलमध्येच रुग्ण सापडले. सामने थांबले ते ३ मार्च २०२२ लाच पुन्हा सुरू झाले. मधल्या दोन महिन्यांत तिकीट विकणारा, मैदानाला पाणी घालणारा, खेळाडूंचे कपडे धुणारा, गेटाबाहेर चहा विकणारा यांचे काय झाले, याची नोंद कुठल्याच गुणतक्त्यात नाही. सुदेवाला दिल्लीत घरच्या मैदानावर, छत्रसाल स्टेडियमवर, लीगचे सामने खेळायला २०२२-२३ चा हंगाम उजाडावा लागला. आणि त्याच हंगामाच्या शेवटी दिल्लीचा सुदेवा व मुंबईचा केंकरे हे दोन्ही संघ खालच्या श्रेणीत गेले.

आपल्या चळवळीत ‘टाळेबंदी’ हा शब्द जुना आहे. मालकाने कारखान्याला लावलेले टाळे म्हणजे टाळेबंदी. २०२० मध्ये सरकारने देशाला टाळे लावले आणि तोच शब्द वर्तमानपत्रांनी उचलला. त्या टाळेबंदीत आपलेही नुकसान झाले. महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले. जुलै २०२१ पासून भत्ता १७ टक्क्यांवरून २८ टक्के झाला, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. मालगाड्या धावत राहिल्या, पोस्टमनने औषधे आणि पैसे दारात नेऊन दिले. त्याची किंमतही मोजली. मे २०२१ मध्ये रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी सांगितले की तोपर्यंत १,९५२ रेल्वे कर्मचारी कोरोनाने दगावले होते. हे आपण विसरता कामा नये.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. आपला भत्ता गोठला, पण ‘आपत्ती आली, उद्यापासून येऊ नका’ असे पत्र कायम कामगाराला आले नाही. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. आपल्या आधीच्या पिढ्यांनी वर्गणी भरली, संप केले, १९७४ मध्ये तुरुंग भोगले, त्यातून उभी राहिलेली ही भिंत आहे.

फुटबॉलपटूंचीही संघटना आहे. आपल्याकडे ती २००६ मध्ये स्थापन झाली. इंग्लंडात १९०७ पासून आहे. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या क्लबांनी ३० टक्के पगारकपातीचा प्रस्ताव आणला, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने विचारले की हा वाचलेला पैसा जाणार कोणाकडे, आणि सरकारचा बुडणारा कर कोण भरणार? खेळाडूंनी स्वतःचा निधी उभारून सरकारी आरोग्यसेवेच्या मदतीला दिला, पण मालकाच्या वहीत गुमान सही केली नाही. फिफानेही ७ एप्रिल २०२० रोजी सांगितले होते की क्लब व खेळाडूंनी आपसात बोलून मार्ग काढावा आणि हंगाम लांबला तर करारही लांबवावा. बोलून मार्ग काढा, हे म्हणणे सोपे. पण एकटा खेळाडू आणि कंपनी समोरासमोर बसले, तर बोलणे एकाचेच होते. बोलण्यासाठी दोन्ही बाजूंना वजन लागते, आणि कामगाराचे वजन त्याच्या संघटनेत असते.

म्हणून मुद्दा फुटबॉलपुरता नाही. ज्या वेळी गाड्या थांबल्या, त्या वेळी पॅन्ट्रीत भांडी घासणारा, डबे धुणारा, फलाट झाडणारा कंत्राटी माणूस आपल्याच स्टेशनवर होता. त्याच्या हजेरीचे काय झाले, हे आपल्यापैकी किती शाखांनी विचारले? टपाल खात्यात गावोगावी डाक पोचवणारा ग्रामीण डाक सेवक आपल्याइतकाच उन्हात फिरतो, पण खात्याचा नियमित कर्मचारी गणला जात नाही. ही माणसे आपल्या भिंतीच्या बाहेर उभी आहेत. आणि भिंतीच्या आतल्या जागा दरवर्षी कमी होत आहेत. खेळाडूंच्या बाबतीत जे तीस वर्षांत झाले, तेच आपल्या खात्यांत चालले आहे. फरक इतकाच की त्यांच्याकडे ते टाळ्यांच्या गजरात झाले, आपल्याकडे निविदा काढून होत आहे.

अभ्यासवर्गातून परत गेल्यावर प्रत्येक शाखेने तीन कामे करावीत. आपल्या आवारातील कंत्राटी कामगारांची यादी करावी. त्यांचे करारपत्र मिळवून त्यातले काम बंद पडल्यास लागू होणारे कलम त्यांना मराठीत वाचून दाखवावे. आणि त्यांना सभासद करून घेण्याचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावा. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येण्याआधी ते कलम आपण वाचलेले असावे, इतके तरी आपल्या हातात आहे.