संकेतस्थळाची कोपरखळी
(माहिती व प्रसारकार्यातील कार्यकर्त्यांपुढे अकोला येथे केलेल्या भाषणाचा सारांश)



अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात येत, ते हाती खराटा घेऊन. आधी गाव झाडीत आणि मगच कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही उपदेश थोडा, प्रश्न फार. उत्तर ते श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. सक्ती नव्हती, दंड नव्हता. तरी गावकरी हाती झाडू घेत. रिचर्ड थेलर व कॅस सनस्टीन यांनी २००८ साली ज्या विचाराला ग्रंथरूप दिले, तो कोपरखळीचा विचार वऱ्हाडाला असा जुन्या परिचयाचा आहे. निवडीचे स्वातंत्र्य अबाधित ठेवून हिताची वाट सोपी करावी, एवढेच त्याचे सूत्र.

हे काम संकेतस्थळाकडून करून घेता येईल काय? २०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अकोला-अमरावतीची शिवारेही कपाशीचीच आहेत. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणा दर्शविणारा त्रिकोण असतो : लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. परंतु पाठीवर पंप चढविताना त्याची आठवण कोण करून देणार?

म्हणून सल्ल्याचे पान रचताना क्रम बदलावा. औषधाची मात्रा विचारणाऱ्यास आधी त्रिकोणाचा रंग विचारावा. मग हातमोजे, तोंडावरचे आवरण व वाऱ्याची दिशा चित्रांतून दाखवावी आणि त्यानंतर मात्रा सांगावी. आठवणीचा संदेश पहाटे, शेतात निघण्यापूर्वी जावा. अक्षरओळख नसलेल्या मजुरास तो वऱ्हाडी बोलीत ऐकू यावा. पान किती जणांनी उघडले यापेक्षा हातमोजे किती हातांत आले, हे शिवारात जाऊन मोजावे. गावच्या दुकानात हातमोजेच मिळत नसतील, तर कोपरखळी व्यर्थ होय; तेथे आधी पुरवठा हवा.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. याच युक्तीने फसविताही येते. खोटी घाई करणे, न मागितलेली वस्तू परस्पर खरेदीत घालणे, अशा १३ प्रकारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. बाबांचा खराटा सर्वांना दिसत असे. आपली कोपरखळीही तशीच उघड असावी आणि नकाराची वाट होकाराइतकीच मोकळी असावी, एवढीच विनंती.