सीताफळाचे फूल : दोन पाळ्यांचे काम



आमचे सारे आयुष्य ऊसतोड कामगारांच्या संघटनेत गेले. मुकादम, उचल, तोडणीचा दर हे आमचे नेहमीचे विषय. अशा माणसाने फुलांवर बोलावे याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. शाळा आम्ही सातवीतच सोडली. वनस्पतिशास्त्र जे काही शिकलो, ते वाचनालयातील पुस्तकांतून आणि संघटनेच्या कचेरीमागे असलेल्या सीताफळाच्या दोन झुडपांपाशी उभे राहून. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांबरोबर ते इकडे आले असे सामान्यतः मानतात. बालाघाटच्या डोंगरांनी मात्र ते असे आपलेसे केले की २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बाया डोंगरातली फळे पाट्यांत भरून एस.टी.च्या थांब्यावर विकायला बसतात. मग बिऱ्हाड गाडीत घालून ऊसतोडीला निघायचे. घराला कुलूप लावण्यापूर्वी हाती आलेले हे चार पैसे उचलीतले नसतात, स्वतःचे असतात. म्हणून हे फळ कसे धरते, हा प्रश्न आमच्या लेखी करमणुकीचा नाही.

या प्रश्नाकडे आम्ही वळलो ते स्वतःच्या चुकीमुळे. एका वर्षी कचेरीमागच्या झुडपांवर पिठ्या ढेकूण दिसला. आम्ही ऐन फुलोऱ्यात औषधाचा पंप खांद्याला लावला आणि झाडे धुऊन काढली. त्या वर्षी फळे धरली ती मोजकी, आणि तीही एका अंगाने बसकी, वेडीवाकडी. दोष केवळ औषधाचाच होता असे आम्ही शपथेवर सांगत नाही. पण विचार करायला तेवढे कारण पुरेसे होते.

सीताफळाचे फूल आपण बारकाईने पाहिले आहे काय? हिरवट पिवळे, खाली मान घातलेले, तीन जाड पाकळ्यांचे. त्यात दिमाख नाही. आत मधोमध एक लहानसा उंचवटा असतो. त्याच्या माथ्यावर पुष्कळ स्त्रीकेसर आणि खाली भोवताली पुंकेसर. नर आणि मादी एकाच घरात आहेत, मग अडचण कसली? अडचण अशी की या घरात काम दोन पाळ्यांत चालते. पहिली पाळी स्त्रीकेसरांची. तेव्हा पाकळ्या जेमतेम उघडतात, कुक्षी ओलसर आणि चिकट असते, पण परागकोश अजून मिटलेले असतात. दुसरी पाळी पुंकेसरांची. पाकळ्या फाकतात, पराग मोकळा होतो. पण तोवर कुक्षी सुकून गेलेली असते. म्हणजे एका फुलाचा पराग त्याच फुलाच्या सहसा उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या फुलाकडून, पहिल्या पाळीत असलेल्या फुलाकडे, कोणीतरी नेऊन पोचवला पाहिजे.

हा कोणीतरी म्हणजे मधमाशी नव्हे. ती इकडे फारशी फिरकत नाही. हे काम करतात तिळाएवढे भुंगेरे. पिकल्या फळासारख्या वासाने ते फुलात शिरतात, पाकळ्यांच्या आडोशाला राहतात आणि अंगाला पराग घेऊन बाहेर पडतात. आमचे औषध ढेकणावर होते, पण औषधाला ढेकूण कोणता आणि भुंगेरा कोणता हे कसे कळावे?

पराग पोचला म्हणजे परागण झाले. फलन अजून व्हायचे असते. कुक्षीवर परागकण रुजतो, त्याची नलिका आत उतरत बीजांडापर्यंत जाते आणि दोन नरपेशी तेथे पोचवते. एकीचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो. दुसरीपासून त्या भ्रूणाचा शिधा, म्हणजे भ्रूणपोष, तयार होतो. हे दुहेरी फलन नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखवून दिले. सीताफळाच्या प्रत्येक स्त्रीकेसरात एकच बीजांड असते आणि असे अनेक स्त्रीकेसर मिळून एक फळ होते. फळावरचा एकेक डोळा म्हणजे एकेक स्त्रीकेसर. ज्या बाजूला फलन झाले नाही, ती बाजू नीट फुगत नाही. बाजारात गिऱ्हाईक जे वाकडे फळ बाजूला सारते, त्याची हकिगत बहुधा फुलातच घडून गेलेली असते.

फुलांच्या या पाळ्यांकडे श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने १७९३ सालीच ग्रंथ लिहून लक्ष वेधले होते. त्याच्या हयातीत त्या ग्रंथाची फारशी कदर झाली नाही. पुढच्याच वर्षी त्याची मुख्याध्यापकाची जागाही गेली. १८४१ साली डार्विनने तो ग्रंथ वाचला आणि त्याचे मोल ओळखले.

पुढच्या मोसमात आम्ही पंप अडगळीत ठेवला आणि रंगाचा बारीक कुंचला घेतला. दुसऱ्या पाळीच्या फुलांतला पराग वाटीत झटकायचा आणि पहिल्या पाळीच्या फुलांत फिरवायचा. स्पेनमध्ये सीताफळाच्या एका भाईबंदाच्या बागांत हे काम मजूर हातांनीच करतात. आमच्या हाताची काही फुले गळाली, काही धरली; जी धरली त्यांची फळे चांगली गोल भरली. पण दोन झुडपांनी आमची मान आणि कंबर धरली. डोंगरभर हे कोण करील? तेथे भुंगेराच हवा.

आमच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. माणसे दोन, श्रम दोघांचे, मोजणीत मात्र एक. त्या मोजणीत बाईचे नाव बुडते, हे सांगण्यात आमची उमर गेली. आणि कचेरीच्या मागे आम्ही स्वतःच, ज्याचे नाव कोणत्याही वहीत नाही अशा कामगाराला औषध घालून मोकळे झालो होतो! याची आम्हाला लाज वाटली, म्हणून हे व्याख्यान.

सध्या सीताफळाचा फुलोरा चालू आहे. परसात झाड असेल त्यांनी उद्या सकाळी एखाद्या फुलात डोकावून पाहावे. आत कोणी कामावर असेल, तर निदान फुलोरा सरेपर्यंत पंप खाली ठेवावा. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.